‘अभिलेख उपलब्ध नाही’ : वऱ्हाडातील दप्तर आणि नागरिकाची मागणी

शासकीय दप्तरातील एखादा कागद पाहावयास मिळावा, किंवा त्याची नक्कल मिळावी, म्हणून नागरिकाने अर्ज केला असता त्यास तीनपैकी एक उत्तर मिळते. कागद दिला जातो. किंवा कायद्याचे अमुक कलम दाखवून तो नाकारला जातो. किंवा ‘सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही’ असे कळविण्यात येते. पहिल्या उत्तराने प्रश्न मिटतो. दुसऱ्याविषयी न्यायालयांनी व भाष्यकारांनी विपुल लिहिले आहे, कारण तेथे वाद कायद्याच्या अर्थाचा असतो आणि अर्थाचे वाद विद्वानांस आवडतात. तिसरे उत्तर त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहे. त्यात कोणताही हक्क नाकारलेला नसतो, कोणत्याही कलमाचा आधार घेतलेला नसतो. केवळ एक वस्तुस्थिती सांगितलेली असते. तथापि अमरावती व अकोला जिल्ह्यांत, किंबहुना सबंध वऱ्हाडात, अर्जदारास खऱ्या अर्थाने महागात पडणारे उत्तर हेच होय. ते कोणत्या परिस्थितीत दिले जाते, त्याचे किती निरनिराळे अर्थ संभवतात आणि ते अर्थ एकाच वाक्यात का मिसळले जातात, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम मागणीच्या वाटा पाहू. सरकारी कागद मागण्याचा हक्क २००५ साली जन्मास आला, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मधील कलम ७६ प्रमाणे, जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा एखाद्यास हक्क आहे त्याची प्रमाणित नक्कल योग्य ती फी घेऊन देणे हे तो दस्तऐवज ताब्यात असलेल्या अधिकाऱ्याचे कर्तव्यच होते. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. तेथे हीच तरतूद कलम ७५ मध्ये आली आहे. जमिनीच्या कागदांपुरते पाहिले तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ ने नकाशे व भूमी अभिलेख लोकांस पाहण्यासाठी खुले ठेवले आहेत व त्यांचे उतारे देण्याची व्यवस्था केली आहे. तहसील कचेरीतील नक्कल शाखा ही ह्या जुन्या हक्काची मूर्त खूण आहे. खेड्यातील शेतकऱ्यास ‘माहितीचा अधिकार’ हा शब्दप्रयोग ठाऊक होण्यापूर्वी कित्येक पिढ्या ‘नक्कल काढणे’ हा वाक्प्रचार ठाऊक होता.

मात्र ह्या जुन्या वाटेला दोन मर्यादा होत्या. अर्जदाराचा त्या कागदाशी संबंध काय, हा प्रश्न तेथे विचारता येई. आणि उत्तर कधी द्यावयाचे, ह्याला बंधन जवळजवळ नव्हते. शासनाचा कागद हा मुळात शासनाचा, अशी जी वृत्ती होती तिला १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने आणखी बळ दिले. स्वीडनने १७६६ सालीच दप्तर पाहण्याचा नागरिकाचा हक्क कायद्याने मान्य केला होता व अमेरिकेने १९६६ साली तसा कायदा केला. भारतात १९७५ साली राज नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या जाणण्याच्या हक्काचा उच्चार केला, तरी त्याला कायद्याचे रूप येण्यास आणखी तीन दशके लागली. महाराष्ट्राने २००० साली व पुन्हा २००२ साली राज्यापुरते कायदे केले. पुढे केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अमलात आला.

ह्या अधिनियमाने वर सांगितलेल्या दोन्ही मर्यादा दूर केल्या. कलम ६(२) प्रमाणे अर्जदारास कारण विचारता येत नाही. कलम ७ प्रमाणे तीस दिवसांत, आणि व्यक्तीच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास अठ्ठेचाळीस तासांत, उत्तर दिले पाहिजे. महाराष्ट्रात अर्जाची फी दहा रुपये असून ती न्यायालय फी मुद्रांकाच्या रूपानेही देता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ती माफ आहे. उत्तर न मिळाल्यास वा असमाधानकारक वाटल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे प्रथम अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. वऱ्हाडातील अपिले आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे जातात. मुंबईचा किंवा नागपूरचा प्रवास त्यामुळे वाचला, हा लाभ लहान नव्हे.

एवढी बळकट यंत्रणा असूनही तिच्या मुळाशी एक गृहीत आहे. कायद्याने जी माहिती मागता येते ती सार्वजनिक प्राधिकरणाने ‘धारण केलेली’ किंवा त्याच्या ‘नियंत्रणाखाली’ असलेली माहिती होय. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात हे स्पष्ट केले, की जी माहिती अस्तित्वात नाही ती तयार करून देण्याचे, किंवा विखुरलेली माहिती संकलित करून देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. निर्णय तर्कशुद्ध आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो, की अर्जदाराचा सबंध हक्क शेवटी एका खोलीतील व्यवस्थेवर अवलंबून राहतो. ती खोली म्हणजे अभिलेख कक्ष. अधिनियमाच्या कर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. कलम ४(१)(क) मध्ये प्रत्येक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध व निर्देशांकित करून ठेवावेत असे त्यांनी सर्वांत आधी सांगितले. कायद्यातील ही पहिली आज्ञा होती, आणि अंमलात तिचा क्रम बहुधा शेवटचा लागला.

आता वऱ्हाडचे दप्तर इतर प्रांतांच्या दप्तराहून अधिक गुंतागुंतीचे का, हे पाहावयाचे तर इतिहासात थोडे मागे जावे लागते. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात दिला. १८६० च्या तहाने त्या व्यवस्थेत फेरफार झाले. हा प्रदेश ब्रिटिश मुलूख झाला नाही. तो ‘हैदराबादचे सोपविलेले जिल्हे’ म्हणून हैदराबाद येथील ब्रिटिश रेसिडेंटच्या देखरेखीखाली राहिला. पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावती व पश्चिम वऱ्हाडचे अकोला, अशी विभागणी काही काळ होती. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी व जमाबंदी सुरू झाली; शेजारच्या मध्य प्रांतात मात्र मालगुजारी होती. वरिष्ठ पातळीवरील पत्रव्यवहार ह्या काळात हैदराबादकडे जाई. हैदराबाद रेसिडेन्सीचे ते दप्तर आज नवी दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. १९०२ च्या कराराने वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला व १९०३ साली तो मध्य प्रांतास जोडला गेला. कारभाराचे केंद्र नागपूर झाले. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र, असा प्रवास झाला. म्हणजे एका शतकाच्या थोड्या अधिक काळात वऱ्हाडी माणसाच्या अर्जाचे अंतिम ठिकाण हैदराबाद, नागपूर व मुंबई असे बदलत गेले, आणि प्रत्येक बदलात काही कागद पुढे गेले, काही मागे राहिले.

राज्याच्या सीमांपेक्षाही जिल्ह्यांच्या सीमा अर्जदारास अधिक छळतात. १९०५ पूर्वी वऱ्हाडात सहा जिल्हे होते : अमरावती, अकोला, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, बुलढाणा, वणी व वाशीम. १९०५ साली त्यांचे चार करण्यात आले. एलिचपूर अमरावतीत विलीन झाला. वाशीम जिल्हा मोडला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याला आणि पुसद यवतमाळला गेला. अकोल्याचे खामगाव व जळगाव तालुके बुलढाण्यास मिळाले, तर अमरावतीचा मूर्तिजापूर तालुका अकोल्यास. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला.

ह्या फेरफारांचा अर्थ एका गावाच्या उदाहरणाने चटकन कळतो. कारंजा हे लाड-कारंजे म्हणून प्रसिद्ध असलेले गाव मूर्तिजापूर तालुक्यात होते. म्हणून १९०५ पर्यंत ते अमरावती जिल्ह्यात, १९०५ पासून १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात आणि त्यानंतर वाशीम जिल्ह्यात मोडते. आता समजा, कारंज्याच्या एखाद्या कुटुंबास १९०० च्या सुमाराचा कागद हवा आहे. कायद्याप्रमाणे अर्ज कोणाकडे करावयाचा? आजचे कार्यालय कारंजा तहसील व वाशीमचे जिल्हाधिकारी कार्यालय. कागद तयार झाला तो अमरावतीच्या अमदानीत. वापरात राहिला अकोल्याच्या. नवीन जिल्हा निर्माण झाला म्हणजे चालू प्रकरणे तत्काळ हलविली जातात, कारण त्यांवाचून कारभार चालत नाही. जुन्या गठ्ठ्यांची कोणास घाई नसते. वाशीमने ‘उपलब्ध नाही’ म्हणावे, अकोल्याने ‘आपला तालुका आता आमच्याकडे नाही’ म्हणावे आणि अमरावतीच्या कर्मचाऱ्यास कारंज्याशी आपल्या जिल्ह्याचा कधी संबंध होता हेच माहीत नसावे, असे घडणे अगदी शक्य आहे. ह्यात कोणीही खोटे बोललेले नसते.

कायद्यात ह्यावर उपाय आहे. अर्ज ज्या प्राधिकरणाशी संबंधित असेल त्याच्याकडे तो पाच दिवसांत हस्तांतरित करावा, असे कलम ६(३) सांगते. परंतु हस्तांतरण करावयाचे तर कागद कोठे असावा ह्याची कल्पना असली पाहिजे, आणि ती कल्पना देणारी कोष्टके, म्हणजे कोणत्या गावाचे कोणत्या सालापर्यंतचे दप्तर कोणत्या कक्षात आहे ह्याची यादी, कचेरीच्या भिंतीवर लावलेली नसते. जिल्ह्याचा प्रशासकीय इतिहास हा इतिहास विभागातील विद्यार्थ्याचा विषय समजला जातो. वस्तुतः तो जनमाहिती अधिकाऱ्याच्या नित्य उपयोगाचा आहे.

आता कागदांच्या प्रकारांकडे वळू. जमिनीच्या बाबतीत सात-बारा, फेरफार नोंदवही, आकारबंद हे परिचित अभिलेख आहेत. त्यांखेरीज विदर्भात १९५४-५५ च्या अधिकार अभिलेख पंजीला मोठे महत्त्व आहे. मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता, १९५४ ही त्या काळी येथे लागू होती आणि भूमिस्वामी हा शब्द त्याच व्यवस्थेतून आलेला आहे. जमीन कोणत्या धारणाधिकाराची, हा वाद निघाला की ह्या पंजीचा उतारा मागितला जातो. दुसरा प्रकार शाळांचा. दाखल-खारीज रजिस्टर हे नाव वऱ्हाडात सर्वतोमुखी आहे. त्यात विद्यार्थ्याचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख व शाळा सोडल्याची तारीख येते. तिसरा, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, प्रकार म्हणजे कोतवाल बुक. गावात झालेल्या जन्माची व मृत्यूची नोंद ह्या वहीत होई. तीत तारीख, बापाचे नाव, जात व मूल मुलगा की मुलगी एवढा मजकूर असे. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा अधिनियम येण्यापूर्वीचा खेड्यातील जन्माचा पुरावा बहुधा हाच. जन्माची वर्दी बारशाच्या आधी जात असल्यामुळे मुलाचे नाव त्यात पुष्कळदा नसतेच. अमुक इसमास मुलगा झाला, एवढेच कळते. ह्या वह्यांतील आणि त्यांहून जुन्या कागदांतील बराच भाग मोडी लिपीत आहे.

हे कागद मागणारे कोण, हे पाहिल्याशिवाय त्यांचे मोल कळणार नाही. पूर्वी नक्कल काढणारा मुख्यतः वहिवाटीचा किंवा वाटणीचा दावा लढणारा शेतकरी असे. गेल्या काही दशकांत त्याच्या जोडीला, आणि संख्येने त्याला मागे टाकील असा, एक नवा अर्जदार आला आहे : महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी, नोकरीत रुजू झालेला तरुण, निवडणुकीस उभा राहिलेला उमेदवार. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र व पडताळणी अधिनियमाप्रमाणे राखीव जागेचा लाभ घेणाऱ्यास पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्या अधिनियमाच्या कलम ८ ने आपली जात वा जमात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. कोणत्या तारखेपूर्वीचा पुरावा हवा, हेही ठरलेले आहे : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदांस अधिक पुराव्याचे मोल आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निर्णयात म्हटले आहे. तो दावा हलबी जमातीसंबंधी होता. वैधता नाकारली गेली तर प्रवेश, पदवी व नोकरी ह्या तिन्हींवर गदा येते. एकविसाव्या शतकातील मुलाचे भवितव्य अशा रीतीने त्याच्या पणजोबाच्या काळी एखाद्या खेड्यात लिहिलेल्या वहीच्या एका ओळीवर येऊन ठेपते. ती वही त्याने जपून ठेवावयाची नव्हती. ती शासनाने जपून ठेवावयाची होती. सिद्धीचा भार एकावर आणि पुरावा दुसऱ्याच्या ताब्यात, अशी ही विषम स्थिती आहे. अशा स्थितीत ‘उपलब्ध नाही’ हे वाक्य केवळ माहिती देत नाही, ते जवळजवळ निकाल देते.

म्हणून त्या वाक्याचा अर्थ काटेकोरपणे तपासला पाहिजे. त्यात निदान पाच निरनिराळ्या वस्तुस्थिती दडलेल्या असू शकतात. कागद कधी तयारच झाला नसेल. तो तयार होऊन नियमाप्रमाणे नष्ट केला गेला असेल. तो दुसऱ्या कार्यालयाकडे गेला असेल. तो गहाळ झाला असेल. किंवा तो त्याच खोलीत असेल, पण कोणी शोधला नसेल, अथवा मोडी येत नसल्यामुळे शोधूनही ओळखला नसेल.

ह्यांतील पहिल्या स्थितीत कोणाचाच दोष नाही आणि अर्जदाराने दुसरा पुरावा शोधावा हेच खरे. दुसरीचे तसे नाही. शासकीय कागदांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग केलेले असतात. ‘अ’ वर्गाचे कायम जतन करावयाचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘क’ वर्गाचे त्याहून कमी काळ, आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभराने काढून टाकावयाचे. कागद नष्ट केला असेल तर तो कोणत्या वर्गात होता, कोणाच्या आदेशाने व केव्हा नष्ट झाला, ह्याची नोंद असली पाहिजे. ही नोंद हाही एक अभिलेखच आहे आणि तो मागता येतो. मूळ कागदाऐवजी त्याच्या नाशाची नोंद मागण्याचे अर्जदाराच्या सहसा लक्षात येत नाही. ती दाखविता आली नाही, तर ‘नियमाप्रमाणे नष्ट’ हा खुलासा टिकत नाही आणि प्रकरण आपोआप चौथ्या प्रकारात जाते.

चौथा प्रकार, म्हणजे गहाळ होणे, हाच ह्या विषयाचा गाभा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली विश्वास भांबुरकर खटल्यात म्हटले, की एकेकाळी उपलब्ध असलेली माहिती आता सापडत नाही एवढे सांगून कार्यालयास मोकळे होता येणार नाही. कसून शोध घेतला पाहिजे, आणि न सापडल्यास चौकशी करून जबाबदारी निश्चित केली पाहिजे. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. सार्वजनिक अभिलेखांची बेकायदा विल्हेवाट लावणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. शिक्षा कडक आहे. पण कडक शिक्षेचा एक परिणाम कायदा करणाऱ्यांच्या ध्यानी आला नसावा. ‘गहाळ’ हा शब्द कार्यालयाने लिहिला की चौकशी आली, अहवाल आला, कदाचित पोलिसांत तक्रारही आली. ‘उपलब्ध नाही’ लिहिले तर ह्यांपैकी काहीच येत नाही. दोन्ही शब्दांनी सांगितलेली वस्तुस्थिती एकच असली तरी एक शब्द महाग आणि दुसरा फुकट, अशी स्थिती असताना कर्मचारी कोणता शब्द निवडील हे सांगावयास नको.

त्यात माहितीच्या अधिकारातील दंडाची भर पडते. कलम २० प्रमाणे विलंबाबद्दल दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, दंड जनमाहिती अधिकाऱ्याच्या वेतनातून वसूल होऊ शकतो. तहसील कचेरीत जनमाहिती अधिकारी म्हणून नायब तहसीलदार किंवा त्या दर्जाचा कोणी नेमलेला असतो. अभिलेख कक्षाच्या किल्ल्या त्याच्याजवळ नसतात. कलम ५(४) ने तो अभिलेखपालाचे साहाय्य मागू शकतो, आणि कलम ५(५) ने ते साहाय्य न देणारा स्वतःच दंडास पात्र ठरतो. परंतु पूर्वीच्या पिढीतील कोणी हरवलेल्या वहीबद्दल आजच्या अधिकाऱ्यास दंड झाला, तर न्याय झाला असे म्हणता येत नाही आणि वही तर मुळीच सापडत नाही. तीस दिवसांची मुदत संपण्याच्या आत काहीतरी उत्तर गेले पाहिजे, ही चिंता त्याच्या मनात मुख्य असते. संक्षिप्त नकार वेळेवर पाठविला की मुदत पाळली जाते. खरा शोध मात्र मुदतीत बसेलच असे नाही.

कार्यालयाचीही बाजू आहे, ती सांगितली नाही तर विवेचन एकांगी होईल. ‘माझ्या पूर्वजांच्या सर्व नोंदी द्याव्यात’ अशा स्वरूपाच्या अर्जास उत्तर देणे कोणासही शक्य नाही. गाव नाही, साल नाही, नोंदवहीचे नाव नाही. अशा अर्जांस आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१२ साली नियम केला, की अर्ज एकाच विषयावर व दीडशे शब्दांच्या आत असावा. नियमाने अर्ज आखूड झाले. नेमके झाले असे म्हणता येत नाही. वस्तुतः ह्या प्रकारच्या मागणीत लेखी उत्तरापेक्षा प्रत्यक्ष पाहणी अधिक उपयोगाची आहे. अभिलेखांची पाहणी करणे, टिपणे घेणे हे कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येतच अंतर्भूत आहे. मोडी जाणणाऱ्या माणसास बरोबर घेऊन एका गावाच्या वह्या दोन तास चाळल्या, तर जे हाती लागते ते दोन अपिलांनीही लागत नाही. पाचव्या प्रकारच्या ‘उपलब्ध नाही’वर ह्यापरता इलाज नाही.

शोध हा पुष्कळ अंशी प्रशासनाच्या इच्छेचा प्रश्न आहे, ह्याचे प्रत्यंतर २०२३ साली आले. मराठा समाजाच्या मागणीच्या संदर्भात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचे कार्यक्षेत्र आरंभी मराठवाड्यापुरते होते, ते पुढे सबंध राज्यापर्यंत वाढविण्यात आले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसील, शाळा, तुरुंग, भूमी अभिलेख अशा नाना कार्यालयांतील जुनी दप्तरे उघडण्यात आली व मोडी वाचणाऱ्यांची मदत घेण्यात आली. एरव्ही एका अर्जदारासाठी न उघडणारे गठ्ठे शासनाच्या आदेशाने उघडले. त्या नोंदींच्या राजकीय अन्वयार्थाविषयी मतभेद असोत. दप्तराच्या अभ्यासकास त्यात एवढेच दिसते, की माणसे व वेळ दिला तर अभिलेख कक्ष बोलू लागतो. मात्र ज्या वहीत कुणब्याची ओळ शोधली त्याच पानावरील कोळी, ठाकूर, हलबी वा धनगराची ओळ त्या शोधात नोंदविली जाण्याचे कारण नव्हते. एका जातीसाठी चाळलेली वही दुसऱ्या जातीच्या अर्जदारासाठी पुन्हा पहिल्यापासून चाळावी लागते.

आयोगापुढे गेल्यावर काय होते, ह्याविषयी थोडक्यात पुरे. आयोग पुन्हा शोध घेण्यास सांगू शकतो, शपथपत्र मागवू शकतो, नुकसानभरपाई देववू शकतो. कलम १९(८) ने त्यास आणखी एक अधिकार दिला आहे, तो म्हणजे अभिलेख ठेवण्याच्या पद्धतीत बदल करण्यास प्राधिकरणास भाग पाडण्याचा. दंडापेक्षा हा अधिकार दूरवर परिणाम करणारा आहे, परंतु एकेका अपिलाच्या निकालात सबंध कक्षाची व्यवस्था लावण्याचा विचार क्वचितच शिरतो. शिवाय प्रवेशाची मुदत जून-जुलैत संपते आणि द्वितीय अपिलाची सुनावणी तिच्या सोयीने येत नाही.

अलीकडे संगणकाने काही वाट मोकळी केली आहे. महसूल विभागाच्या ई-अभिलेख योजनेत जुने सात-बारा, फेरफार इत्यादी कागदांच्या प्रतिमा घेण्याचे काम ज्या सात जिल्ह्यांत प्रथम पुढे आले त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे होते. त्या प्रतिमा संकेतस्थळावर शोधून शुल्क भरून घेता येतात. जमिनीच्या वादात ह्याचा लाभ निर्विवाद आहे. परंतु शोधाची किल्ली तीच जुनी आहे : जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार, भूमापन क्रमांक. महसुलाचे दप्तर जमिनीभोवती रचलेले आहे, माणसाभोवती नव्हे. आणि ज्या कुटुंबाजवळ कधी जमीनच नव्हती त्याच्या नावाचा धागा त्या रचनेत सापडणे कठीण. भूमिहीन जातीजमातींच्या विद्यार्थ्यास म्हणूनच कोतवाल बुकाखेरीज गत्यंतर राहत नाही.

आणि कोतवाल बुकाची रचना गाव व साल ह्यांनी झालेली आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल वऱ्हाडात घरोघर आहे. त्यामुळे घरातील थोरल्या मुलाच्या जन्माची नोंद बापाच्या गावच्या वहीत नसून आईच्या माहेरच्या गावी, कधी दुसऱ्या तालुक्यात, कधी १९०५ किंवा १९९८ च्या रेषेपलीकडच्या जिल्ह्यात असते. तो मुलगा पुढे बापाच्या गावी वाढतो, तेथेच शाळेत जातो, तेथेच मरतो. त्याचा पणतू अर्ज करतो तो साहजिकच त्या गावच्या तहसीलकडे. अभिलेखपाल वही काढतो, साल पाहतो, नोंद आढळत नाही असे लिहून देतो, आणि त्याचे ते लिहिणे बरोबर असते. पणजीचे माहेर कोणते, हा प्रश्न अर्जाच्या नमुन्यात नाही. घरातील म्हाताऱ्या बाईस तो विचारावा लागतो, आणि त्या उत्तरावरून अर्जावर घालावयाच्या गावाचे व तालुक्याचे नाव ठरते.